कम्प्युटरमधली भरती

पनवेलच्या टपाल नाक्याजवळ, एका औषधाच्या दुकानावरच्या माडीवर दिनानाथ ओगले यांचा वर्ग होता. पाटीवर मुळात फक्त 'ओगले टंकलेखन वर्ग' एवढंच होतं. कम्प्युटर आले तेव्हा पाटीवर जागा उरली नव्हती, म्हणून 'व संगणक' हे दोन शब्द वेगळ्या फळीवर रंगवून पाटीखाली तारेनं टांगले होते. वारा सुटला की संगणक हेलकावे खायचा आणि टंकलेखन जागच्या जागी घट्ट असायचं. ओगले सरांच्या संसाराचंही साधारण तसंच होतं. प्रमिलाबाई जागच्या जागी घट्ट होत्या आणि सर हेलकावे खात होते.

टाइपरायटरच्या खोलीत कुणीही चपला घालून यावं. आतल्या खोलीत, जिथं कम्प्युटर होते, तिथं मात्र चपला दाराबाहेर काढायच्या. विचारलं तर सर धुळीचं कारण सांगायचे. त्या काळी सगळेच तसं सांगायचे. पण एकदा प्रमिलाबाईंनी सरांना रविवारी, वर्ग बंद असताना, तिथं एकटंच अनवाणी उभं राहिलेलं पाहिलं आणि त्या ओळखायचं ते ओळखून गेल्या. दसऱ्याला त्या यंत्रांना कुंकू लावायच्या ते यंत्रांसाठी नव्हे, नवऱ्यासाठी.

सरांना हे वेड लागलं तेव्हा त्यांची पंचेचाळिशी उलटली होती. मुंबईत कुणाच्या तरी ऑफिसात त्यांनी पहिल्यांदा स्प्रेडशीट पाहिली. पडद्यावर उभ्या-आडव्या घरांची जाळी होती. एका घरातला आकडा त्या माणसानं बदलला आणि खालची, शेजारची, पार टोकाची घरं आपसूक बदलत गेली. सर्वांत शेवटचं घर बदललं तेव्हा सरांच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर टाइपरायटरवर एक अक्षर चुकलं की अख्खा कागद फाडणारा माणूस तो. त्या दिवशी घरी येऊन ते पानावर बसले आणि तसेच बसून राहिले.

"जेवताय की नुसतं बघताय?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"प्रमिला, एक बदललं की सगळं बदलतं."

"माझं लग्न झाल्यापासून मी हेच म्हणतेय. भाकरी घ्या."

पुढच्या काही वर्षांत वर्गात तीन कम्प्युटर आले. सर त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणत. थोरल्याचा पडदा काळा, अक्षरं हिरवी आणि त्याच्यावर लोटस नावाची जुनी स्प्रेडशीट. मधल्यावर जुनं एक्सेल. धाकटा अगदी नवा, त्याच्यावर एक्सेलची ताजी आवृत्ती. धाकट्याला थोरल्याची फाईल वाचता यायची. थोरल्याला धाकट्याची फाईल दिली तर तो अशी काही चिन्हं ओकायचा की देवीचं वारं आल्यासारखं वाटावं. मधला दोघांचं थोडं थोडं ऐकायचा आणि सोयीचं तेवढं विसरायचा. एकत्र कुटुंबात याहून वेगळं काय असतं?

साऱ्या पनवेलचीच तेव्हा ही अवस्था होती. ज्याच्या ऑफिसात जे पहिलं आलं, ते त्याचं. मग एकाची फाईल दुसऱ्याकडे उघडेना की लोक फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून टपाल नाक्यावर यायचे आणि चपला काढायचे. एका शाळेचा निकाल संस्थेच्या चिटणीसांच्या मुलानं मोठ्या हौसेनं नव्या आवृत्तीत केला, रंगीबेरंगी चौकटींसह. शाळेतल्या कम्प्युटरनं तो बघायलाच नकार दिला. मुख्याध्यापक घाम पुसत सरांकडे आले. सरांनी फाईल धाकट्यावर उघडली, मधल्याला समजेल अशा जुन्या रूपात उतरवली, तिथून फ्लॉपीवर घेतली. रंग गेले, चौकटी गेल्या, पण पोरं पास राहिली.

"नव्यातून जुन्यात उतरताना काहीतरी सोडावं लागतं," सर सांगायचे. "काय सोडायचं ते मात्र आपण बघायचं असतं."

हे वाक्य म्हणताना ते चष्मा काढायचे. पुढं जे झालं त्यात त्यांनी नेमकं तेच बघितलं नाही.

छप्पन साली जन्मलेल्या माणसाला जसा शहाण्णव साली चाळिशीचा चष्मा लागतो, तसा बळीरामशेठना त्या वर्षी जावई लागला. बळीरामशेठ म्हणजे खाडीकाठच्या एका पाड्यातले आगरी मिठागरवाले. अर्धं मिठागर नव्या वसाहतीत गेलं होतं, उरलेल्या अर्ध्यात ते अजून पहाटे जाऊन उभे राहायचे. त्यांच्या रंजिताचं लग्न पाच मेला, रविवारी, वैशाख वद्य द्वितीयेला ठरलं होतं. नवरा मुलगा खाडीपलीकडच्या गावचा, लग्न त्यांच्या दारात. आता तिकडं जायला रस्ता झाला होता, टेम्पो जात होते. पण बळीरामशेठच्या घरची रीत अशी की सून पाण्यावरून येते आणि लेक पाण्यावरून जाते. त्यांची आई मचव्यातून आली, बायको चंद्रावती मचव्यातून आली, बहिणी मचव्यातून गेल्या. चंद्रावतीनं मुलीला लहानपणापासून सांगितलं होतं, तू पण मचव्यातून जाशील. रंजितानं दुसरं काही मागितलं नव्हतं.

मचव्याला भरती लागते. धक्क्यापाशी खाडी उथळ, पाणी भरलं की जेमतेम अर्ध्या तासाची सवड, मग चिखल. त्या चिखलात मचवा बसला तर पुढची भरती येईपर्यंत नवरी, करवल्या, बँडवाले सगळे तिथंच. मुहूर्त पलीकडच्या काठावर उभा राहून वाट बघणार.

बळीरामशेठ धोतर सावरत, चपला बाहेर काढून आतल्या खोलीत आले. बरोबर पुतण्या हरेश होता. तो मुंबईत जाहिरातींचं काम करणाऱ्या एका ऑफिसात होता, तिथं मॅक कम्प्युटर होते.

"सर, आमच्या पोरीचं लगीन हाय," शेठ म्हणाले. "भरतीचा टाइम छापायचा हाय पत्रिकेत. मिनटासकट."

"तुम्हाला तर तिथीवरून येतंच की काढता."

"येतं. तिथीची पाऊणपट. द्वितीया म्हंजे दीड वाजता. पर त्ये झालं आमच्या आज्याचं. सोयऱ्यांची निम्मी मानसं नवीन पनवेलमधी ऱ्हातात, ऑफिसवाली. त्यांना दीड सांगितला तर इचारतात, 'एक्झॅक्ट किती?'"

हरेशनं खिशातून फ्लॉपी काढली. त्यानं बंदराच्या छापील पुस्तकातून मे महिन्याच्या सगळ्या भरत्या आपल्या मॅकवर टाइप केल्या होत्या, तारीख आणि समोर वेळ. फ्लॉपी साध्या कम्प्युटरला वाचता येईल अशी करूनही आणली होती. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मॅकवरची फाईल त्यांच्या वर्गात पहिल्यांदाच येत होती. परदेशातून आलेल्या पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यावा तसे ते धाकट्याकडे वळले.

फाईल उघडली. सगळ्या तारखा, सगळ्या वेळा जागच्या जागी. शेठ वाकून बघत होते. "म्हंजे आख्खी खाडी यात हाय," ते हळूच म्हणाले.

"आहे," सर म्हणाले. आपण ती तिथं आणली अशा आवाजात म्हणाले.

मग सरांना शोभा सुचली. त्यांच्याकडे कार्डाचा एक तयार नमुना होता, वर गणपती, कडेनं वेलबुट्टी. हरेशच्या फाईलमधले रकाने त्यांनी उचलून त्या नमुन्यात टाकले. कार्ड लहान, रकाना अरुंद, म्हणून तारीख फक्त दिवस आणि महिना दिसेल अशी केली, वर्षाला जागा नव्हती. मग ती फाईल मधल्याच्या जुन्या आवृत्तीत उतरवली, कारण प्रिंटर मधल्याला जोडलेला होता आणि तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे. प्रिंटर करवतीसारखा ओरडला आणि कार्डं बाहेर आली. पाच मेच्या समोर वेळ होती दोन वाजून पंधरा मिनिटं.

बळीरामशेठनी ते वाचलं. दीडचे सव्वादोन कसे झाले, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला. हरेश म्हणाला, "काका, काय झालं?"

"काय नाय. खाडीत केवढा भराव पडलाय. पानी वाट बदलतंय, टाइम पन बदलला असंल." आणि मग, स्वतःशीच, "मशीन कशाला खोटं बोलंल?"

हे त्यांनी सरांना मोठ्यानं विचारलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला देवळात शंका विचारायची सवय नसते.

पत्रिकांवर छापलं गेलं: वऱ्हाडाचा मचवा दुपारी ठीक दोन वाजून पंधरा मिनिटांनी धक्क्यावरून सुटेल. सोयऱ्यांवर जबर छाप पडली. पाड्यातल्या घराघरांत सरांचं वेलबुट्टीचं कार्ड भिंतीला लागलं. सरांना वाटेत लोक नमस्कार करू लागले, आणि सर ते नमस्कार थोडे स्वतःकडे ठेवून बाकीचे मनातल्या मनात धाकट्याकडे पोचवू लागले.

शनिवारी, लग्नाच्या आदल्या दिवशी, सरांना हळदीचं आमंत्रण होतं. हळद संध्याकाळी, पण सर दुपारीच निघाले.

"इतक्या उन्हात?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"भरती बघायला. आजची दीड वाजता आहे."

"तुम्ही बघितली नाही तर येणार नाही का ती?"

सर धक्क्यावर पोचले तेव्हा साडेबारा होत आले होते. धक्का म्हणजे दगडांची एक उतरंड, तिला बांधलेला मचवा, त्याला केळीचे खुंट आणि पताका लावायचं काम चाललेलं. पाणी धक्क्याच्या वरच्या दगडापर्यंत आलं होतं. सरांनी एका हातात कार्ड धरलं, दुसऱ्या हाताचं घड्याळ वर केलं आणि वाट बघू लागले. पडद्यावर जे घर त्यांनी पाहिलं होतं ते आता समोर भरणार होतं. एवढा मोठा समुद्र आणि तो आता त्यांच्या रकान्याप्रमाणे वागणार होता.

पाऊणला पाणी अगदी स्थिर झालं. बळीरामशेठ त्यांच्याशेजारी येऊन बसले. पाण्यावर एक नारळाची शेंडी तरंगत होती. ती बराच वेळ एका जागी उभी राहिली, मग हळूहळू समुद्राच्या दिशेनं निघाली.

"शेठ, ही उलटी का चाललीय?"

शेठनी दगडाकडे बोट केलं. वरच्या दगडाखाली ओली रेघ दिसू लागली होती. एक वाजून गेला. रेघ रुंद होत गेली. कार्डाप्रमाणे अजून पाणी चढायला हवं होतं.

"पाऊन तास," शेठ म्हणाले. "बरोबर पाऊन तास. सर, तुमचा कम्प्युटर एक तिथी पुढं हाय."

ते रागानं म्हणाले नव्हते. उलट, देवाला ठेच लागलेली पाहावी तसे ते घाबरले होते. उद्या याच हिशेबानं सव्वादोनला मचवा सोडला असता तर खाडीच्या मध्यावर चिखलात जाऊन बसला असता. मचव्यावर पताका बांधणारी माणसं थांबून दोघांकडे बघत होती. घराच्या दारात, हातावर मेंदी रंगलेली रंजिता उभी होती.

"बाबा, मचवा जाईल ना?" तिनं विचारलं.

"जाईल," शेठ म्हणाले, आणि सरांकडे बघू लागले.

सरांनी रिक्षा केली. माडीचा जिना चढताना त्यांना पहिल्यांदाच चपलांची आठवण राहिली नाही. आतल्या खोलीतून चपलांचा आवाज आला तशा प्रमिलाबाई मागच्या बिऱ्हाडातून चहा तसाच टाकून धावत आल्या. आपला नवरा चपला घालून कम्प्युटरसमोर बसला आहे हे बघून त्यांना कळलं की काहीतरी भयंकर झालं आहे.

कार्डाची फाईल उघडली. चार मे. दीड. सगळं जसंच्या तसं. सरांनी त्या घरावर बाण नेऊन ठेवला आणि वरच्या पट्टीकडे पाहिलं. घरात जागा नसल्यानं जे दिसत नव्हतं ते पट्टीत पूर्ण दिसत होतं. चार मे एकोणीसशे ब्याण्णव.

"प्रमिला, हे ब्याण्णव साल आहे."

"नाही हो. शहाण्णव."

"याच्यासाठी ब्याण्णव."

प्रमिलाबाईंनी वाकून पाहिलं. "मग माझे गुडघे अजून दुखायला लागले नसतील यात," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

एक्सेलबरोबर आलेल्या जाड पुस्तकात शोधायला वेळ गेला, पण सापडलं. कम्प्युटरला तारीख कळत नाही, त्याला फक्त दिवस मोजता येतात. कुठल्या तरी एका दिवसापासून तो मोजत सुटतो आणि आपण त्या संख्येला तारखेचे कपडे घालतो. साधे कम्प्युटर १९०० सालापासून मोजत, हरेशच्या मॅकवरची फाईल १९०४ पासून. आख्खी फाईल जशीच्या तशी उघडली की ती आपली मोजणी बरोबर घेऊन येते. पण सरांनी नुसते रकाने उचलून वेलबुट्टीत टाकले होते. संख्या आल्या, सुरुवात तिकडंच राहिली. तारखा चार वर्षं आणि एक दिवस मागं सरकल्या. चार वर्षं अरुंद रकान्यात लपली, आणि एक दिवस खाडीवर जाऊन दिसला.

सरांनी नमुन्याच्या फाईलमध्ये १९०४ च्या पुढच्या चौकोनात खूण केली. क्षणात पट्टीतलं ब्याण्णव जाऊन शहाण्णव आलं. पाच मेच्या समोर दीड वाजता. रंजिताच्या पणजोबांनी तिथीला पाऊणनं गुणून काढला असता तोच दीड.

सर हळूच वाकले, चपला काढल्या आणि हातात घेऊन बाहेर ठेवून आले.

हळदीला सारा पाडा, शेजारचे पाडे, सोयरे, सगळे मांडवात होते. आगऱ्यांच्या हळदीला जो येत नाही त्याला लग्न झाल्याचं धरत नाहीत. तेच कामाला आलं. बँड थांबवून बळीरामशेठनी माईक सरांच्या हातात दिला. चुकीची कबुली द्यावी तर सरांनी व्याख्यान सुरू केलं. १९०० आलं, १९०४ आलं, मॅक आला. बँडवाल्यानं झांजा काखेत धरून जांभई दिली.

"सर, मचवा किती वाजता?" कुणीतरी ओरडलं.

"दीड वाजता. पाऊण तास आधी."

"मंग येवडा कशाला सांगताव?"

"कारण," सर म्हणाले, आणि आवाज उतरला, "कम्प्युटर चार वर्षं मागं होता. त्याच्या मनात अजून ब्याण्णव साल होतं. आपण सगळे ते कार्ड भिंतीला लावून बसलो होतो."

मांडवात हशा पिकला. एक जण म्हणाला, ब्याण्णव साली माजं केस होतं. दुसरा म्हणाला, माजी जमीन होती. त्यावर हशा जरा कमी झाला.

पुढच्या रांगेतून भीमाबाई उठल्या. बळीरामशेठची चुलती. त्यांचा नवरा बुधाजी या घरच्या साऱ्या लेकी-सुनांच्या मचव्याचं सुकाणू धरायचा, आणि दोन वर्षांमागं गेला होता. रंजिताचं लग्न त्याच्याशिवायचं पहिलंच.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "त्या कारडात ब्यान्नव हाय ना?"

"होय, आजी. चुकीचं आहे ते. नवी कार्डं आणलीत मी."

"नवी ठेवा तुमी. त्ये जुनं मना द्या."

"ते कशाला?"

"त्यात म्हातारा हाय माजा."

सरांनी खिशातलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. भीमाबाईंनी ते हळदीच्या हातांनी धरलं, उलटंसुलटं पाहिलं, कमरेला खोचलं आणि बँडवाल्याकडे बघून म्हणाल्या, "वाजव रे. झोपला का?"

रविवारी एकपासूनच मचवा भरला. रंजिता नव्या शालूत मधोमध, चंद्रावती तिच्याशेजारी, आणि सुकाणूपाशी भीमाबाई. तिथं बायका बसत नाहीत, पण त्यांना उठवायला कुणी गेलं नाही. सुकाणू धरणारा हरेश होता. दीडला पाणी वरच्या दगडाला टेकून उभं राहिलं, ना पुढं ना मागं, आणि मचव्याचा तळ जमिनीवरून सुटला. आवाजही झाला नाही. एवढी माणसं, एवढे केळीचे खुंट, झांजा, ढोल, पितळी हंडे, सगळं मिळून उचललं गेलं.

सर मचव्यात बसले नाहीत. प्रमिलाबाईंना त्यांनी पुढं धाडलं आणि म्हणाले, मी टेम्पोनं येतो. मचवा पलीकडच्या काठाला लागला, बँडचा आवाज पाण्यावरून आला, तरी ते धक्क्यावरच उभे होते. सव्वादोन वाजले. जिथं मचवा उभा होता तिथं चिखल वर आला होता आणि त्यावर लालसर खेकडे बाहेर पडून धावू लागले होते. छापलेल्या पत्रिकेच्या हिशेबानं मचवा आत्ता सुटायचा होता.

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. "सर, येताव ना? चपला कुठं हायत तुमच्या?"

सरांनी खाली पाहिलं. चपला पार मागं, धक्क्याची पहिली पायरी सुरू होते तिथं, नीट जोडून ठेवलेल्या होत्या.